झिरा

सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेल्या माझ्या आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, की ती साउथहॅम्प्टनला येणार आहे आणि आली की एक रात्र नदीकाठी तंबूत राहणार आहे. मी तेव्हा चहा पीत होते. तोंडातला घोट कसाबसा गिळून मी विचारलं, "तंबूत? तू?" ही बाई देवदर्शनाला गेली तरी धर्मशाळेच्या चादरीवर स्वतःची चादर अंथरते.

"मग काय झालं? तूच म्हणाली होतीस ना, तिथे शेतात तंबू लावून लोक राहतात म्हणून."

म्हणाले होते खरी. बाबांच्या अस्थी ज्या नदीत सोडल्या तिच्या काठी एका शेतकऱ्याचं कॅम्पिंगचं शेत आहे, हे मी कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगून गेले होते. आईला सांगितलेलं काहीही वाया जात नाही. आपण विसरलो की ते बरोबर आपल्या अंगावर येतं.

"मी जवळपास एखादं हॉटेल बघते ना."

"हॉटेलात राहायला नाही येत मी. ह्यांच्याजवळ राहायला येतेय."

यावर मी काय बोलणार? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी तिकीट काढलं.

बाबा माणदेशातले. आमच्या गावची नदी पावसाळ्यात नदी असते आणि बाकीचं वर्ष वाळूचा रस्ता. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांना पाणी मोजून दिलं आणि संध्याकाळी घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, तो नळाला पाणी आलं का, हा. इंग्लंडला आले की त्यांना राजवाडे नकोत, म्युझियम नको. त्यांना पाणी दाखवावं लागायचं. कुठल्याही पुलावर ते कठड्याला टेकून खाली बघत उभे राहायचे आणि थोड्या वेळाने त्यांना चक्क राग यायचा. "एवढं पाणी," ते म्हणायचे, "आणि एक माणूस बघत नाही त्याच्याकडे."

ती नदी त्यांना मीच दाखवली. साउथहॅम्प्टनहून गाडीने फार लांब नाही. खडूच्या पांढऱ्या टेकड्यांमधून ती येते. मार्च महिना होता. नदी काठोकाठ भरलेली आणि इतकी नितळ, की तळातली गारगोटी न् गारगोटी दिसत होती. लाकडी पुलाशी पाण्याची पातळी मोजायची पट्टी उभी होती. ती बघून बाबांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांच्या खात्यातला जुना मित्रच भेटला होता. आई थंडी वाजते म्हणून गाडीतून उतरलीच नाही, हीटर लावून बसली. मी मोबाइलवर बाबांचा व्हिडिओ काढला. त्यात ते पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचतात आणि म्हणतात, "बघ, बघ कसं वाहतंय. मला इथंच सोडा बरं का. आपल्या नदीत सोडाल तर पाऊस पडेपर्यंत वाळूत पडून राहीन." आणि स्वतःच हसतात.

पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा आमच्याकडे आलेले असताना, ते खरंच गेले. तोवर तो विनोद राहिला नव्हता, शेवटची इच्छा झाली होती. भाऊ पुण्याहून आला आणि आम्ही दोघांनी त्याच पुलाखाली, तशाच भरलेल्या नदीत अस्थी सोडल्या. बायकांनी जायचं नसतं म्हणून आई घरी थांबली. मीही बाईच होते, पण गाडी मला चालवायची होती, म्हणून मला सूट मिळाली.

ते कसे गेले, तेही सांगायला हवं. एका सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अशा पेशंटला नीट गिळता येत नाही. पाण्याचा घोट दिला तर तो श्वासनळीतून फुफ्फुसात उतरतो. म्हणून पलंगाच्या डोक्याशी पाटी लागते, निल बाय माउथ, तोंडातून काहीही द्यायचं नाही. मी स्वतः म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे. ही पाटी मी कितीतरी जणांच्या डोक्याशी लावलेली आहे आणि कितीतरी नातेवाइकांना शांत आवाजात तिचा अर्थ समजावलेला आहे.

बाबांनी पाणी मागितलं. बोलता येत नव्हतं, म्हणून डाव्या हाताने मागितलं. बोटं जुळवायची, तळवा खोलगट करायचा आणि तो हात तोंडाकडे न्यायचा. अर्धी ओंजळ. दुसरा हात चादरीवर मुका पडलेला. ते माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा तेच करत होते. आई म्हणाली, "एक चमचा दे गं त्यांना." मी म्हणाले, "आई, ठसका लागेल. फुफ्फुसात जाईल." मी काडीला लावलेल्या गुलाबी स्पंजाने त्यांचे ओठ ओले केले. ते स्पंज चोखायला लागले, तेव्हा मी काडी काढून घेतली. आई पुन्हा काही बोलली नाही. शेवटी न्यूमोनिया व्हायचा तो झालाच, पाणी न देताही झाला. आईच्या पर्समधली गंगाजलाची कुपी सीलबंदच राहिली.

मी चुकले नव्हते. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाही, ते खरंच आहे. कुठल्याही डॉक्टरने हेच केलं असतं. पण बरोबर असणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. त्यानंतर वॉर्डात हात धुताना नळाखाली माझीच ओंजळ दिसली, की मी पटकन नळ बंद करायचे. आई आणि मी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. ती पुण्याला भावाकडे परत गेली आणि आम्ही फोनवर भाजीबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलत राहिलो.

मग ऐन वैशाखात तिला स्वप्नं पडायला लागली.

"ते येतात गं," ती म्हणाली. "पाणी मागतात. ओठ पार पांढरे पडलेत."

"आई, उकाड्याने पडतात अशी स्वप्नं."

"वाहत्या पाण्यातच सोडलं होतंत ना नीट?"

"काठोकाठ भरली होती नदी. बाबांच्या व्हिडिओत दिसते ना, तशीच."

"व्हिडिओ बघितलाय. मला नदी बघायचीय."

म्हणून ती आली. बाबा पाण्यात आहेत की नाहीत, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मला काय बघायचं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. तो चमचा न दिल्याबद्दल माझ्या आईने मला माफ केलंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

ती ऑगस्टमध्ये आली आणि नेमका तो उन्हाळा इथल्या मानाने भलताच कोरडा निघाला. पार्कातलं गवत वाळून पोत्याच्या रंगाचं झालं होतं. बागेला पाइपने पाणी घालायला बंदी होती. आईला याची फार गंमत वाटली. "इथेही टँकर येणार का आता?" तिने विचारलं आणि घरातल्या बादल्या शोधायला लागली. रात्री झोपताना ती उशाशी पाण्याचं फुलपात्र भरून ठेवायची, वर वाटी झाकून. सकाळी वाटी उचलून आत बघायची.

"कमी झालंय," ती म्हणायची.

"बाष्पीभवन, आई."

"वाटी झाकलेली असते."

एकदा ती अंघोळीला गेल्यावर मी स्वतः वाटी उचलून बघितलं. पाणी खरंच बोटभर कमी होतं. आदल्या रात्री ते किती होतं हे मी बघितलं नव्हतं, म्हणून तो काही पुरावा नाही. पण त्या रात्रीपासून मी झोपायला जाताना फुलपात्रात किती पाणी आहे, ते बघून ठेवायला लागले. मला माझीच लाज वाटत होती, तरी बघत होते.

नवरा ऑन-कॉल होता, त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. आदल्या शनिवारी त्याने मागच्या अंगणात आमच्याकडून तंबू उभारायची तालीम करून घेतली होती. आईने दहीभात, मेथीचे ठेपले, स्वतःची चादर, फुलपात्र, वाटी आणि एक उलथनं घेतलं. उलथनं कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "असू दे."

शेताच्या फाटकावर 'रिव्हरसाइड कॅम्पिंग' अशी पाटी होती. शाळांना सुट्ट्या असूनही शेतात तंबू अगदी तुरळक होते आणि तेही सगळे पलीकडच्या झाडांखाली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. गाडी थांबली तशी आई उतरली आणि गुडघे वगैरे विसरून झपाझप नदीच्या पायवाटेने निघाली. मी पिशव्या तशाच टाकून तिच्या मागे गेले. पायवाट मला आठवत होती, वळण आठवत होतं, वळणावरचं विलोचं झाडही आठवत होतं. फक्त काहीतरी कमी होतं आणि ते काय, हे पुलाशी पोचेपर्यंत मला कळलं नाही. आवाज नव्हता.

पूल होता. खाली नदी नव्हती.

कठड्यावर लाल-पांढरं जीवरक्षक कडं टांगलेलं होतं. शेजारी, पाणी खोल आहे, मुलांना सांभाळा, अशी पाटी होती. पातळीची पट्टी आपल्या जागी उभी होती, तिच्या पायथ्याशी कोरडे दगड. पात्रात वर-खाली नजर पोचेल तिथवर पांढऱ्या गारगोट्या पसरल्या होत्या. मधे मधे पाणवनस्पतींचे वाळलेले झुबके, सगळे एकाच दिशेला झोपलेले, पाणी गेलं त्या दिशेला.

"हीच का?" आईने विचारलं.

"हीच."

"मग पाणी?"

डोक्यात बाबांचं ते एकच वाक्य घुमत होतं. वाळूत पडून राहीन. ज्या माणसाने उभा जन्म कोरड्या नदीकाठी काढला, ज्याला मेल्यावर तरी वाहतं पाणी हवं होतं, त्याने स्वतः पट्टी वाचून, पसंत करून ही नदी निवडली होती. इंग्लंडमधली नदीही आटते, हे पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्या तर नाहीच. आम्ही दुष्काळातली माणसं. परदेशात पाणी संपतं, यावर आमचा विश्वासच बसत नाही.

एक बाई कुत्र्याला घेऊन पात्रातून चालत आली, रस्त्यावरून यावं तशी. आम्हा दोघींचे चेहरे बघून ती थांबली. मी विचारलं, नदीचं काय झालं? ती अगदी सहज म्हणाली, काही नाही, खाली गेलीय. दर उन्हाळ्यात जातेच, यंदा जरा लवकर गेली इतकंच. नाताळनंतर येईल वर. हा हिवाळी ओढा आहे, उन्हाळ्यात तो जमिनीखालून वाहतो.

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"नदी खाली गेली म्हणते. जमिनीखालून वाहते म्हणे."

"किती खाली, विचार."

"आई, तिला काय माहीत?"

"विचार तर."

मी विचारलं. ती बाई हसली, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाली, आणि कुत्र्यामागे निघून गेली. आई कठडा धरून खाली बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येतं.

"चल, घरी जाऊ आपण," मी म्हणाले. "पुन्हा येऊ, पाणी असताना."

"आलेय तर राहणार."

आम्ही तंबू लावला. तालमीचा काही उपयोग झाला नाही. जमीन इतकी टणक होती की खुंट्या वाकायला लागल्या, आणि तंबूचा एक कोपरा शेवटपर्यंत ढिलाच राहिला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आई शेजारी उभी राहून सूचना देत होती. मी तिच्यावर खेकसले आणि लगेच वाईट वाटून दहीभात वाढायला घेतला. ती नेहमीसारखी जेवली. मी माझा भात तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी, इथला उन्हाळी उजेड अजून लख्ख होता तेव्हा, ती मला पुन्हा पुलावर घेऊन गेली. "तो व्हिडिओ लाव," म्हणाली.

"आत्ता? इथे?"

"लाव गं."

मी लावला. आणि त्या कोरड्या पुलावर पाण्याचा खळखळाट सुरू झाला. माझ्या तळहातावरच्या त्या एवढ्याशा फोनमधून तो येत होता, हे मला दिसत होतं. तरी मी खाली वाकून बघितलं. पात्र तसंच पांढरं. पाण्याच्या आवाजावर बाबांचा आवाज आला. ते पट्टी वाचत होते. पट्टी तिथेच होती, आमच्या पायांखाली, आणि ज्या आकड्यापर्यंत त्यांचं पाणी होतं त्या आकड्याशी आता नुसती हवा होती. "बघ, बघ कसं वाहतंय," ते म्हणाले. "वाळूत पडून राहीन," म्हणाले आणि हसले. त्यांच्या हसण्यानंतर व्हिडिओ संपतो. एकदम शांतता झाली. भीती वाटली म्हणून सांगू की लाज वाटली म्हणून सांगू, मला फोन बंद करून खिशात टाकायचा होता.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

तिने तो इतक्या वेळा लावायला सांगितला, की शेवटी मी फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः तंबूकडे आले. तिथूनही ऐकू येत होतं. पाणी वाहायचं, ते हसायचे, शांतता. पुन्हा पाणी.

रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठीखाली ढेकळं होती. आईने उशाशी फुलपात्र भरून, वाटी झाकून ठेवलं आणि तिला झोप लागली. मी फुलपात्र काठोकाठ भरलंय हे बघून डोळे मिटले. आम्ही त्यांना कोरड्यात टाकून दिलं, एवढाच विचार मनात पुन्हा पुन्हा येत होता.

सकाळी उठले तेव्हा आईची जागा रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली. फुलपात्र तिथेच, वाटी त्यावर नीट झाकलेली. मी वाटी उचलली. फुलपात्र रिकामं होतं, आतून कोरडं. मी खाली हात फिरवून बघितला. तंबूची जमीनही कोरडीच होती. मी तशीच अनवाणी नदीकडे धावत सुटले.

आई पात्राच्या मधोमध होती. साडीचा काठ वर खोचलेला, अंगावर माझं फ्लीसचं जाकीट, पाय उघडे. ती हळूहळू चालत होती, एक पाऊल टाकायची, थांबायची, तळव्याचा अंदाज घ्यायची, मग पुढचं टाकायची. तिचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

"आई! काय करतेस?"

"बघतेय गार कुठे लागतंय ते. ये की खाली."

मला जाववेना. समोर पांढरे दगड होते, दगडांवर पांढरी भुकटी. हा सगळा मुलूखच खडूचा आहे, हे मला माहीत होतं. पण त्यातलं खडू किती आणि बाबा किती, हे कसं ओळखायचं? मडक्यातून आणलेली त्यांची राखही अशीच होती, अशीच बोटांना चिकटली होती. कशावर पाय देऊ?

आईला ते बरोबर कळलं. "ये," ती म्हणाली. "चावत नाहीत ते."

मी उतरले. दगड रात्रीच्या गारव्याने थंड होते. आई विलोच्या झाडाखालच्या वळणाशी थांबली होती. तिथे दगडांच्या फटींतून थोडं हिरवं दिसत होतं. शेजारी तिने सगळं मांडून ठेवलं होतं, खुंट्या ठोकायचा हातोडा, वाकलेल्या खुंट्या, कॅम्पिंगचं पातेलं आणि ते उलथनं.

"फुलपात्रातलं पाणी तू प्यायलीस का?" मी विचारलं.

"मी नाही."

"मग गेलं कुठे?"

"खण तू," आई म्हणाली.

तेव्हा मला कळलं ती काय करतेय. आमच्या गावी नदी आटली, की बायका वाळूत झिरा खणायच्या. कोपरभर खोल खड्डा, कधी कमरेइतका. खाली झिरपणारं पाणी त्यात हळूहळू जमायचं, ते वाटीने भरून घ्यायचं. मी हे लहानपणी सुट्टीत गावी गेल्यावर बघितलं होतं आणि पार विसरले होते. आईने तर माहेरी, लग्नाआधीची सगळी वर्षं अशाच पाण्यावर काढली होती. तिच्या दृष्टीने कोरडी नदी म्हणजे संपलेली नदी नव्हतीच कधी. काल पुलावर ती शोक करत होती असं मला वाटलं होतं. ती जागा हेरत होती.

आम्ही खणायला लागलो. वाळू असती तर बरं होतं, इथे सगळे गारगोटे, एकमेकांत रुतून बसलेले. मी खुंटीने सैल करायचे, आई उलथन्याने ओढायची. निघालेले मोठे दगड ती खड्ड्याच्या कडेने रचत होती, बाजू ढासळू नये म्हणून. माझी दोन नखं तुटली. हात कोपरापर्यंत पांढरे झाले आणि थोड्या वेळाने मी ते झटकायचं सोडून दिलं. कोपरभर खोल गेल्यावर दगड ओले लागायला लागले. मग माती काळपट झाली. मग आईने उलथनं बाहेर काढलं आणि म्हणाली, "थांब आता. येऊ दे."

आम्ही दोघी कडेला टेकलो. खड्ड्याच्या तळाशी आधी नुसती चमक आली. मग ती चमक हलली. पाणी सगळ्या बाजूंनी आत येत होतं, आवाज न करता.

"आलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच विचित्र वाटला.

"हे पहिलं. हे उपसायचं." तिने पातेल्याने गढूळ पाणी बाहेर टाकलं. पुन्हा भरलं. "हे दुसरं. हेही नाही." तेही टाकलं. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा तिने पातेलं बाजूला ठेवलं. "आता निवळू दे."

पाणी निवळत गेलं. कणाकणाने गाळ खाली बसला आणि तळाचे दगड दिसायला लागले, एकेक करून, मार्चमध्ये पुलावरून दिसले होते तसे. ती तीच नदी होती. ती कुठे गेलीच नव्हती.

"दे तू त्यांना," मी आईला म्हणाले. "याच्यासाठीच आलीस ना इतक्या लांब."

"मी कशाला? माझ्याकडे नाही मागत ते."

मी तिच्याकडे बघितलं.

"स्वप्नात येतात ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तुलाच शोधतात. लहानपणी हाक मारायचे ना तुला, तशी हाक मारतात. मी म्हणते, अहो, ती नाही इथे, लांब आहे, मी देते पाणी. तर घेत नाहीत. हात असा मागे ओढून घेतात." आणि तिने डावा हात पुढे करून, बोटं जुळवून, खोलगट तळवा करून दाखवला. तीच अर्धी ओंजळ. मग हात मागे घेतला.

हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. सगळा उन्हाळा ती मला अर्धंच स्वप्न सांगत आली होती.

"आधी का नाही सांगितलंस?"

"फोनवर पाणी देता येतं का?"

मला रडू फुटलं. त्या वॉर्डात आले नव्हते, पुलावर अस्थी सोडताना आले नव्हते, ते सगळे हुंदके एकदम आले. मी विचारलं, "तू रागावली होतीस ना माझ्यावर?"

"होते ना," आई म्हणाली. "त्या दिवशी फार राग आला होता. एक चमचा, म्हटलं, काय एवढं! मग घरी येऊन बघितलं तर तूही दिवसभर पाणी प्यायली नव्हतीस. तेव्हा गेला राग." ती थोडी सरकली आणि तिने मला झिऱ्याशी जागा करून दिली. "दे आता. मी आहे ना."

मी वाकले. दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी इतकं गार होतं की मनगटं दुखली. ओंजळ भरून मी ती समोरच्या पांढऱ्या दगडांवर धरली आणि हळूच सोडली. दगडांच्या फटींत पाणी शिरलं आणि आत कुठेतरी घोट घेतल्यासारखा बारीक आवाज झाला. दगड काळे पडले आणि बघता बघता पुन्हा कोरडे झाले. मी दुसरी ओंजळ भरली. तीही गेली. तिसरी भरली. मला थांबवेना. अर्धं पाणी माझ्याच मांडीवर सांडत होतं, मी भरत होते आणि ओतत होते, भरत होते आणि ओतत होते, आणि खालचा तो आवाज काही थांबत नव्हता.

आईने माझं मनगट धरलं.

"सावकाश दे," ती म्हणाली. "ठसका लागेल त्यांना."